काकडीच्या रोपाचे पहिले १५ दिवस

पेल्यात किंवा ट्रेमध्ये छान तरारलेलं काकडीचं रोप अंगणातल्या मातीत लावलं, की दुसऱ्याच दुपारी ते मान टाकतं. बाग करणाऱ्या बहुतेक घरांत हा अनुभव येतो. मग धावपळ सुरू होते. कुणी दिवसातून तीनदा पाणी घालतं, कुणी चिमूटभर युरिया टाकतं, कुणी रोप उपटून दुसऱ्या जागी लावतं. सावरू शकलं असतं असं रोपही या धावपळीत हातचं जातं.

टोमॅटो, वांगी, मिरची यांची रोपं लावणीचा धक्का सहज पचवतात. काकडीचं तसं नाही. तिची मुळं नाजूक असतात आणि तुटली की लवकर फुटत नाहीत. म्हणून लावणीनंतरचे पहिले १५ दिवस वेलीचे किंवा फळांचे नसून फक्त मुळांचे असतात. या काळात मुळांना जपलं, तर पुढचा वेल फारशी काळजी न घेताही वाढतो. घाई केली, तर वेल जगला तरी खुरटा राहतो आणि त्याच्या काकड्या कडू निघण्याची शक्यता वाढते.

काकडीला नेमकं काय हवं असतं?

काकडी मूळची आपल्याच देशातली. तिचा रानटी भाऊबंद आजही हिमालयाच्या पायथ्याशी आढळतो. ऊबदार हवा, ओलसर पण पाणी न साचणारी भुसभुशीत माती आणि चढायला आधार, एवढं तिला हवं असतं. तिची बहुतेक मुळं मातीच्या वरच्या फूटभर थरातच पसरतात. त्यामुळे वरची माती सुकली की तिला लगेच तहान लागते आणि पाणी साचलं की मुळं लगेच गुदमरतात.

थंडी तिला मुळीच सोसत नाही. रात्रीचं तापमान १५ अंशांच्या खाली असेल, तर मुळं जवळजवळ थांबून राहतात. दिल्ली, लखनौ किंवा भोपाळकडे राहणाऱ्यांनी म्हणूनच रोपं जानेवारीअखेर घरात तयार करून फेब्रुवारीच्या शेवटी किंवा मार्चच्या सुरुवातीला, थंडी ओसरल्यावर बाहेर लावावीत. महाराष्ट्रात उन्हाळी काकडी जानेवारी ते मार्चदरम्यान आणि पावसाळी काकडी जून-जुलैत लावतात. बंगळुरूसारख्या सौम्य हवेत वर्षातले बहुतेक महिने चालतात. फक्त मुसळधार पावसाचे दिवस टाळा.

लावणीआधीचा आठवडा

रोप मोठं झाल्यावर लावलं तर पक्कं होतं, असा आपला समज असतो. काकडीच्या बाबतीत नेमकं उलट आहे. बियांतून प्रथम दोन गुळगुळीत, जाडसर पानं येतात. ती बीजपत्रं. त्यानंतर काठाला कातरलेली, खरखरीत अशी खरी पानं येतात. दोन ते तीन खरी पानं आली की रोप लावणीला तयार समजा. पेरणीपासून साधारण १५ ते २१ दिवसांत ही वेळ येते. त्याहून उशीर केला तर मुळं पेल्याच्या तळाशी गोल गोल गुंडाळत जातात आणि जमिनीत गेल्यावरही पसरत नाहीत.

खिडकीतल्या किंवा बाल्कनीतल्या सावलीत वाढलेलं रोप एकदम कडक उन्हात नेऊ नका. लावणीआधी पाच ते सात दिवस त्याला बाहेरची सवय लावा. पहिल्या दिवशी सकाळचं तासभर कोवळं ऊन द्या. मग रोज थोडा वेळ वाढवा. या दिवसांत पाणी किंचित कमी द्या, पण रोप सुकू देऊ नका. ही सवय न लावता लावलेल्या रोपाच्या पानांवर दोन दिवसांत पांढरट, कागदासारखे चट्टे दिसतात. तो रोग नसतो. पानं उन्हाने भाजलेली असतात.

जागा निवडताना दिवसाचं किमान सहा तास ऊन मिळतं का ते पाहा. जमीन फूटभर खोल खणून त्यात चांगलं कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट मिसळा. प्रत्येक रोपाच्या जागी दोन-तीन ओंजळी पुरतात. इथे ‘कुजलेलं’ हा शब्द महत्त्वाचा आहे. ताजं शेण किंवा स्वयंपाकघरातला ओला कचरा मुळांशी गेला, तर कुजताना उष्णता निर्माण होते आणि कोवळी मुळं जळतात.

तुमची माती कशी आहे?

विदर्भ, मराठवाडा, इंदूर किंवा हैदराबादच्या काही भागांतली काळी माती पाणी धरून ठेवते आणि सुकली की तडकते. तडा जाताना ती मुळंही तोडते. अशा मातीत वीतभर उंचीचा गादीवाफा करा आणि रोप त्यावर लावा. कोकणात आणि गोव्यात जांभ्याची माती असते. तिच्यातून पाणी लवकर निघून जातं, म्हणून तिथे कंपोस्ट जास्त घाला आणि आच्छादन कधीही विसरू नका. बंगळुरूच्या लाल मातीलाही सेंद्रिय खताची भर लागते. उत्तरेतली गाळाची माती काकडीला मानवते, पण वारंवार पाणी दिल्याने तिच्यावर कडक पापुद्रा येतो. तो हाताने हलकेच फोडावा. खुरपं खोल घालू नये.

लावणीचा दिवस

लावणी संध्याकाळी चारनंतर करा. आभाळ भरलेलं असेल तर उत्तम. रोपाला पुढे पूर्ण रात्र सावरायला मिळते.

* वेलाला चढवायचा बांबू, जाळी किंवा मांडव आधी उभा करा. नंतर बांबू ठोकताना मुळं तुटतात. पाच-सहा फूट उंची पुरेशी असते.
* लावणीच्या दोन-तीन तास आधी रोपाला पाणी द्या. ओला गोळा पेल्यातून अखंड निघतो, कोरडा गोळा फुटतो.
* पेल्याइतकाच खोल आणि थोडा रुंद खड्डा करा. त्यात पाणी ओतून ते जिरू द्या.
* रोप खोडाला धरून ओढू नका. पेला आडवा करा, बाजूंनी हलकेच दाबा आणि मातीचा गोळा तळहातावर घ्या. प्लास्टिकचा पेला असेल तर तो सरळ कापून काढा.
* एका पेल्यात दोन रोपं उगवली असतील, तर ती ओढून वेगळी करू नका. मुळं एकमेकांत अडकलेली असतात. दुबळं रोप मातीलगत कात्रीने कापा.
* रोप पेल्यात जितकं खोल होतं, तितकंच जमिनीत ठेवा. टोमॅटोसारखं खोल पुरलं तर खोड कुजू शकतं.
* माती बोटांनी हलकी बसवा. पायाने किंवा मुठीने ठोकू नका.
* दोन रोपांत दीड ते दोन फूट अंतर ठेवा. आज मोकळी वाटणारी जागा महिन्याभरात भरून जाते.

रोपं वर्तमानपत्राच्या पुड्यांत केली असतील, तर पुडीसकट लावता येतात. फक्त पुडीचा वरचा काठ फाडून टाका. तो मातीबाहेर राहिला तर वातीसारखा आतली ओल शोषून उडवून टाकतो. चहाचे कागदी पेले मात्र तसेच पुरू नका. त्यांच्या आतल्या बाजूला प्लास्टिकचा पातळ थर असतो आणि मुळं त्यातून बाहेर पडू शकत नाहीत. पेला काढून टाका आणि त्याचा तळ कापून तयार झालेलं कडं रोपाभोवती एक इंच मातीत रोवा. रात्री खोड कुरतडणाऱ्या अळ्यांपासून त्याने रोप वाचतं.

पहिले तीन दिवस : सावली आणि नेमकं पाणी

पानांतून पाणी उडत राहतं, पण मुळं अजून नव्या मातीत पोहोचलेली नसतात. म्हणून दुपारी रोप मान टाकतं. संध्याकाळी त्याने मान वर केली, तर काळजीचं कारण नाही. याचं उत्तर जास्त पाणी नाही. आधी सावली द्या. दुपारी अकरा ते चार या वेळेत हिरवी जाळी, जुनी सुती ओढणी किंवा झावळी दोन काठ्यांवर अशी टाका, की ती पानांना टेकणार नाही आणि हवा खेळती राहील. तीन ते पाच दिवस एवढं पुरतं. कडक उन्हाळ्यात आठवडाभर ठेवा.

पाण्याच्या बाबतीत एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. रोप बहुधा कोकोपीटमध्ये वाढलेलं असतं आणि आता त्याच्याभोवती जड माती असते. आजूबाजूची माती ओली दिसते, पण मुळांचा मूळ गोळा आतून कोरडा पडलेला असतो. मुळं अजून त्या गोळ्यातच आहेत. म्हणून पहिले काही दिवस पाणी आळ्याच्या काठाला न देता खोडापासून दोन-तीन बोटं दूर, थेट त्या गोळ्यावर हळू द्या. रोज सकाळी एका रोपाला साधारण अर्धा लीटर पुरतं. पाणी देण्याआधी बोट मातीत दोन पेरं खुपसून पाहा. माती थंड आणि ओलसर लागली, तर त्या दिवशी पाणी देऊ नका.

सलग ओल्या राहिलेल्या मातीत मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजू लागतात. कुजलेल्या मुळांना पाणी ओढता येत नाही, म्हणून रोप पुन्हा मान टाकतं. आपल्याला वाटतं ते तहानलेलं आहे आणि आपण आणखी पाणी घालतो. बोटाची ही साधी परीक्षा रोपाला या फेऱ्यातून वाचवते.

चौथा ते सातवा दिवस : आच्छादन

आता रोपाभोवती वाळलेला पाला, गवत किंवा भाताचा पेंढा दोन इंच जाड पसरा. खोडाभोवती तीन बोटं जागा मोकळी ठेवा. आच्छादनामुळे वरच्या थरातली ओल टिकते, माती तापत नाही आणि पावसाचे थेंब मातीसकट पानांवर उडत नाहीत. पावसाळ्यात मात्र थर पातळ ठेवा. जाड ओल्या आच्छादनाखाली गोगलगायी लपतात. मुंबई-कोकणाकडे त्या एका रात्रीत कोवळं रोप फस्त करतात. अंधार पडल्यावर टॉर्च घेऊन त्या वेचून काढणं हा खात्रीचा उपाय आहे.

या दिवसांत आणखी एक पाहुणा येतो, तो म्हणजे केशरी-लाल रंगाचा छोटा भुंगेरा. काकडी, भोपळा, दोडका यांच्या कोवळ्या पानांना तो गोल भोकं पाडतो. मोठ्या वेलाला याचा फारसा त्रास होत नाही, पण दोन-तीन पानांचं रोप त्याने संपतं. सकाळी लवकर हे भुंगेरे सुस्त असतात. तेव्हा ते वेचून साबणाच्या पाण्यात टाका. याहून सोपा उपाय म्हणजे जुन्या मच्छरदाणीचा तुकडा रोपांवर तंबूसारखा लावा आणि कडा मातीत दाबा. फुलं येऊ लागली की मात्र जाळी काढा, नाहीतर मधमाश्या आत येणार नाहीत.

आठवा ते पंधरावा दिवस : जीव धरल्याची खूण

रोपाने जीव धरला की नाही, हे जुन्या पानांवरून कळत नाही. शेंड्याकडे पाहा. मधोमध नवं, पोपटी, घट्ट पान उमलताना दिसलं, की मुळं नव्या मातीत शिरली असं समजा. खालची बीजपत्रं पिवळी पडून गळाली तरी हरकत नाही. त्यांचं काम संपलेलं असतं.

नवं पान दिसल्यानंतरच खताचा विचार करा. प्रत्येक रोपाला एक ओंजळ गांडूळखत खोडापासून वीतभर अंतरावर गोलाकार पसरा आणि मातीत हलकं मिसळून पाणी द्या. जीवामृत करत असाल, तर एक भाग जीवामृतात दहा भाग पाणी घालून द्या. युरियासारखं नत्र देणारं खत या वयात नको. त्याने कोवळी मुळं भाजू शकतात. नत्र जास्त झालं तर पानंच पानं होतात आणि फळं मागे पडतात.

पाणीही आता बदला. रोज थोडं देण्याऐवजी एक-दोन दिवसांआड भरपूर द्या आणि आळं हळूहळू रुंद करा. मुळं ओलीच्या मागे जातात. ओल लांबवर असेल, तर मुळंही लांबवर पसरतात. वेलीला तणावे फुटू लागले की सुतळीने सैल बांधून तिला जाळीचा रस्ता दाखवा. एकदा जाळी सापडली की ती आपणहून चढते. जमिनीपासून वर गेलेल्या वेलाची पानं लवकर सुकतात आणि भुरी, केवडा यांसारखे रोग कमी होतात. याच कारणासाठी पाणी नेहमी मुळाशी द्या, पानांवर नको.

रोप अजूनही रुसलेलं दिसलं तर?

* दुपारी मान टाकतं, संध्याकाळी सावरतं : उन्हाचा ताण आहे. सावली दोन-तीन दिवस वाढवा.
* सकाळीही मान खाली आणि माती ओली : पाणी जास्त झालं आहे. पाणी थांबवा, आच्छादन बाजूला करा, माती सुकू द्या.
* सकाळीही मान खाली आणि माती कोरडी : मुळांचा गोळा सुकला आहे. थोडं थोडं पाणी तीन-चार वेळा, गोळ्यात जिरेल असं द्या.
* पानं फिकट, वाढ थांबलेली, पण रोप ताठ : बहुधा थंडी किंवा मुळांचा धक्का. आठवडाभर वाट पाहा. खत देऊ नका.
* पानांवर पांढऱ्या नागमोडी रेषा : नागअळी. एक-दोन पानं असतील तर तोडून नष्ट करा.
* खोड मातीलगत मऊ, काळपट आणि बारीक झालेलं : हे रोप वाचणार नाही. काढून टाका आणि त्याच जागी लगेच दुसरं लावू नका.

या शेवटच्या शक्यतेसाठी लावणीच्या दिवशीच एक तजवीज करून ठेवा. प्रत्येक दोन रोपांच्या मध्ये काकडीची दोन बियाणी अर्धा इंच खोल टोकून द्या. जमिनीतच उगवलेल्या रोपाला लावणीचा धक्का बसत नाही आणि ऊबदार मातीत ते लावलेल्या रोपाला पुष्कळदा गाठतं. लावलेली रोपं जगली, तर ही मधली रोपं मातीलगत कापून टाका. मुलांना हे दोन्ही प्रकार शेजारी शेजारी वाढताना दाखवा. मुळं तुटणं म्हणजे काय, हे त्यांना पुस्तकाशिवाय कळेल.

पंधरा दिवसांनंतर

पुढच्या दोन-तीन आठवड्यांत पिवळी फुलं दिसू लागतात. सुरुवातीची फुलं बहुतेक नर असतात आणि ती गळून जातात. हे पाहून घाबरू नका. काही दिवसांनी मादी फुलं येतात. त्यांच्या मागे करंगळीच्या पेराएवढी इवली काकडी दिसते. उंच मजल्यावरच्या गच्चीत मधमाश्या येत नसतील, तर सकाळी नर फूल तोडा, पाकळ्या बाजूला करा आणि त्याचा मधला भाग मादी फुलाच्या मध्यावर हलकेच फिरवा. परागीभवनाशिवाय फळ धरणाऱ्या जातीही आता मिळतात. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने विकसित केलेली बिनबियांची पुसा सीडलेस काकडी ६ त्यांपैकीच. मात्र ती मुख्यतः जाळीघर, पॉलीहाऊससाठी आहे. मोकळ्या बागेसाठी राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची हिमांगी आणि फुले शुभांगी, किंवा दिल्लीची पुसा उदय यांचा विचार करता येईल.

फुलं आल्यावर कोणतीही फवारणी, अगदी निंबोळी अर्काचीसुद्धा, संध्याकाळीच करा. सकाळी फुलांवर मधमाश्या असतात. आणि रासायनिक कीटकनाशक मारण्याआधी आठवा, की काकडी आपण सालासकट कच्ची खातो.

काकडीच्या कडवटपणाचाही या सगळ्याशी संबंध आहे. तिच्यातला कडू घटक वेलीत मुळातच असतो. उन्हाचा चटका आणि पाण्याची ओढाताण झाली, की तो फळात जास्त उतरतो, विशेषतः देठाकडच्या टोकाला आणि सालीखाली. काकडी फारच कडू लागली तर खाऊ नका, फेकून द्या. मुळं खोल आणि रुंद पसरलेली असतील, तर एखाद्या दिवशी पाणी चुकलं तरी वेल तग धरतो. म्हणजे कोशिंबिरीतली काकडी गोड लागणार की कडू, हे काही अंशी लावणीनंतरच्या या दिवसांतच ठरतं.

लावणीपासून साधारण ३० ते ४० दिवसांत पहिली काकडी हाती येते. ती कोवळी असतानाच तोडा. वेलीवर पिवळी पडेपर्यंत ठेवली, तर वेल नवी फळं धरणं कमी करतो. कात्रीने देठासकट कापा, ओढू नका. हंगाम सुरू झाला की एक-दोन दिवसांआड वेल तपासा. पानांआड लपलेली एखादी काकडी हमखास राहून जाते, आणि ती शोधायचं काम घरातल्या लहान मुलांना दिलं तर ती ते आवडीने करतील.